लाल पेन आणि ‘काहून’

सव्वीस वर्षं मी नागपुरात मराठी शिकवते आहे, आणि माझ्या लाल पेनाने या काळात सगळ्यात जास्त वेळा खोडलेला शब्द म्हणजे ‘का’च्या जागी येणारा ‘काहून’. ‘राजा रागावला काहून की प्रधान खोटं बोलला.’ खोड. ‘मले आंबा आवडते.’ खोड, वर ‘मला’ लिही, पुढे ‘आवडतो’ कर. सहावीची पोरं माझ्याकडे वही देताना हात लांब करून देतात आणि लगेच मागे घेतात. माझ्या नाकावर राग असतो हे शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता.

हा अभिमान घरातून आला. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि तेव्हापासून आमच्याकडे शिकणं हे जेवण्याइतकंच जरुरीचं धरलं गेलं. शिकलेला माणूस ओळखायचा कसा, तर बोलण्यावरून. बाबा ऑफिसात ‘मला-तुला’ बोलायचे आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की ‘मले-तुले’. मी सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं, आपल्याला दोन जिभा नकोत. त्यानंतर माझ्या तोंडून ‘मले’ निघालं नाही. रागात नाही आणि तापात बरळतानासुद्धा नाही, असं आई सांगते.

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि या बाबतीत पार हाताबाहेर गेलेली. जेव म्हटलं की काहून, झोप म्हटलं की काहून, पाहुण्यांच्या पाया पड म्हटलं की पाहुण्यांच्या तोंडावर काहून. आई कपाळाला हात लावायची. पुढे ती बी.कॉम. झाली, गांधीबागेत एका साड्यांच्या ठोक दुकानात काउंटरवर लागली, तरी तेच. हिंदी आणि मराठीची अशी काही मिसळ करून बोलायची की छिंदवाड्याच्या व्यापाऱ्याला वाटायचं ही आपली आणि वरुडच्या बाईलाही वाटायचं ही आपलीच. मी सुधारायला गेले की म्हणायची, "ताई, माही जीभ हाये ते. तुह्या वर्गातली वही नाई."

तिथेच तिला तो भेटला. नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, दुकानाचे साड्यांचे गठ्ठे त्याच्यामार्फत यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आई पाण्याचा ग्लास घेऊन आली, तर हा उठून उभा राहिला. "आपण बसा ना. मी घेतो." तासाभरात एक ‘ले’ नाही, एक ‘काहून’ नाही. मी परीक्षकासारखी समोर बसले होते आणि पैकीच्या पैकी गुण देऊन उठले. आईला आत जाऊन म्हणाले, "हिचं नशीब उघडलं."

लग्नाला दोन महिने झाले असतील. रविवारी दोघं जेवायला आले होते. बहीण म्हणाली, "आई, मले अजून रस्सा दे." त्याने हसत हसत स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि ती बोलता बोलता थांबली. काय झालं म्हणून आम्ही विचारलं. तो म्हणाला, "आमचा खेळ आहे. ‘ले’ आला की गप्प बसायचं, मी सांगेपर्यंत." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जोरात हसले. रस्सा काही तिला मिळाला नाही, ती कोरडी पोळी खात होती, आणि तीही हसत होती.

सहा-आठ महिन्यांत तिचं बोलणं असं काही सुधारलं की मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले. मला इतक्या वर्षांत चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गात जे जमवता आलं नाही, ते आमच्या जावयाने करून दाखवलं. सगळ्या बायका म्हणाल्या, छान. वाक्यं शुद्ध झाली होती खरी, पण ती लहानही होत चालली होती, हे माझ्या कानांना कळलं नाही. ‘हो ताई.’ ‘बरं ताई.’ ‘ते आले की विचारते.’ माझ्यासारखीला खरं तर आधी ऐकू यायला हवं होतं. उत्तर देण्याआधी बाजूच्या बाकाकडे बघणारं पोर मी वर्गात शिरल्या शिरल्या ओळखते. ती प्रत्येक उत्तराआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि मी त्याला प्रेम म्हणत होते.

बाकीच्या गोष्टीही तशाच डोळ्यांसमोर घडत होत्या. तो तिला रोज दुकानात सोडायचा आणि आणायचा, आम्ही म्हणायचो किती काळजी. तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा, आम्ही म्हणायचो दोघांत लपवाछपवी नाही. दुकानातल्या दोन मैत्रिणी होत्या, त्या तिला ‘बिघडवतात’ म्हणून सुटल्या. मग दुकानच सुटलं, कारण तिला त्रास होतो असं त्याला वाटत होतं. मधूनच ती संत्रा बर्फीचे दोन-दोन डबे घेऊन यायची, डोळे सुजलेले असायचे आणि म्हणायची, त्यांनी आणली, खूप वाईट वाटलं त्यांना. कशाचं वाईट वाटलं हे आम्ही विचारलं नाही. बर्फी मात्र खाल्ली. ती चव आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते.

माझे डोळे उघडले ते सावनेरला. त्याच्या भाच्याचा पहिला वाढदिवस होता, त्याच्या आईच्या घरी. अंगणात मांडव, चाळीसेक माणसं, पंगत बसलेली. तो घरात शिरला आणि आईला म्हणाला, "माय, मले जेवाले दे ना वं. लय भूक लागली."

मी हातातला द्रोण खाली ठेवला. ‘मले’ आणि ‘जेवाले’, शिवाय वर ‘वं’. पाण्यातला मासा जसा पोहावा तसा तो त्या भाषेत बोलत होता, मामांशी, मावशांशी, शेजाऱ्यांशी. बहीण वाढत होती, माणसांच्या गर्दीत जरा खुलली होती, आणि सासूकडे वळून सहज म्हणून गेली, "आई, भाजीत मीठ कमी काहून लागून राहिलं?"

त्याने पंगतीतूनच तिच्याकडे पाहिलं. आवाज नाही, कपाळावर आठी नाही. हातातला घास खाली ठेवून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा जेवायला लागला. ती दुपारभर बोलली नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. तेव्हा मला कळलं की याला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं. मराठी सुधारायची असती तर त्याने स्वतःच्या आईची सुधारली असती. त्याला फक्त तिला कधीही बंद करता येईल असं एक बटण हवं होतं, आणि त्या बटणाला मी टाळ्या वाजवल्या होत्या.

हात धुवायला नळावर गेले तर त्याची आई माझ्या मागे आली. साडीचा पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई, तुमी त मास्तरीन हाये. तुमाले दिसलं न? याचा बाप बोट नोता ठेवत, थेट हात उचले. हा शिकला, त बोटावर आला. पण बोटाचा हात व्हाले वेळ नाई लागत. न्या तिले." एवढं बोलून ती बादली उचलून पंगतीकडे निघून गेली.

आता माझी चूक. दुसऱ्याच दिवशी शाळा बुडवून मी वाडीला तिच्या घरी धडकले. तो कामावर होता. तिची बाही वर सरकली तेव्हा दंडावर पिवळट पडलेला डाग दिसला. दार लागलं म्हणाली. मी तडकले. "आजच्या आज चल. बॅग भर. एक शब्द बोलू नकोस." मी अक्षरशः असंच म्हणाले, एक शब्द बोलू नकोस. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "नाही ताई, तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे. ते माझी खूप काळजी घेतात. माझंच चुकतं."

त्या तीन वाक्यांत एकही चूक नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मी आयुष्यात इतकी भयंकर शुद्ध मराठी ऐकली नाही. तिने दार लावून घेतलं आणि त्यानंतर तीन महिने माझा फोन उचलला नाही. संध्याकाळी त्याचा मात्र आला, अगदी नम्र आवाजात. म्हणाला, आपण मोठ्या आहात, आपण तरी आमचं घर फोडू नये.

त्या तीन महिन्यांत मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. सरकारी इमारतीतली कोपऱ्यातली खोली, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात का?" मी म्हणाले, हो, कसं ओळखलंत? "तुम्ही तिले हुकूम दिला न. तो बी हुकूमच देऊन राहिला. तिच्यासाठी काय फरक पडला?" मला राग आला. मग लाज वाटली. त्या डबा झाकत म्हणाल्या, "अशा बाईचं स्वतःचं काही ठरवणंच बंद पडलेलं असते. चूक आपलीच आहे, हे तिच्या डोक्यात रोज थोडं थोडं घातलेलं असते. मार तर मंग येते. तुम्ही ओढून आणलं त ती परत जाईन. तिले ठरवू द्या, तुम्ही फक्त दार उघडं ठेवा. आणि निघाची वेळ सगळ्यात धोक्याची असते, म्हणून न सांगता, तयारीनं." दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "एक विचारा तिले. गळ्याले हात लावला काय कधी? लावला असन त जिवाले धोका समजा, वाट नोका पाहू. लगेच मले फोन करा."

पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? डोकं खाजवता खाजवता मला माझ्या वह्याच आठवल्या. मी तिला नाही, त्यालाच फोन केला. म्हणाले, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पोरांचे निबंध वाचून दाखवायला कोणीतरी हवंय, आणि तुमच्यामुळे तिची मराठी इतकी सुंदर झाली आहे की दुसरं कोणी सुचतच नाही. इतकं गोड मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा नाही. तो फुलला. दर बुधवारी दुपारी आमच्या घरी या, चालेल, म्हणाला.

पहिल्या दोन बुधवारी तो ऑफिसातून येऊन समोर बसला. शुद्धलेखनावर त्याने माझ्याशी चर्चाही केली. तिसऱ्या बुधवारपासून कंटाळला. मी बसायची, ती वाचायची, मी गुण द्यायची. मी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, फक्त वेळेवर गेले आणि वेळेवर निघाले. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते मला ठाऊक.

गंमत अशी की वहीत असेल ते वाचणं भाग होतं. ‘मले’ लिहिलं असेल तर ‘मले’च वाचायचं. सुरुवातीला ती अडखळायची, शब्द उंबऱ्यात ठेच लागल्यासारखा यायचा. मग हळूहळू सरावली.

एका बुधवारी ‘माझा आवडता प्राणी’ निघाला. एका पोरीने लिहिलं होतं: ‘आमच्याकडे बकरी हाये. ती दोरी तोडून पयाली. मी तिले इचारलं, काहून पयाली? ती काईच नाई बोलली. मंग मायनं सांगतलं, दोरी लय आखूड होती.’

बहिणीने ‘पयाली’ असं काही म्हटलं की मला ती आठ वर्षांची दिसली. ‘ती काईच नाई बोलली’ला ती हसायला लागली. हसता हसता तोंडावर हात दाबला आणि रिकाम्या घरात दाराकडे पाहिलं. मग शेवटची ओळ वाचली आणि वही मांडीवर ठेवली.

"ताई, ‘काहून’ खोडायचं?"

"राहू दे," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी कोणी दुसरीच बाई आहे. मी पेनाला टोपण लावलं आणि समुपदेशक बाईंचा प्रश्न विचारला. गळ्याला हात लावला होता का कधी?

खाली रस्त्यावर ट्रक मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. ती वाजायची थांबल्यावर बहीण म्हणाली, "दोन डाव. दुसऱ्या डावाले डोयापुढं अंधारी आली माह्या."

आत्ताच्या आत्ता हिला उचलून न्यावं, असं माझं सगळं अंग सांगत होतं. मी जीभ चावली, खरोखर चावली, रक्ताची चव आली. मग सांगितलं की ही फार धोक्याची खूण आहे, एक बाई आहेत, त्यांना मी आत्ता फोन करू शकते, आईच्या घरचं दार उघडं आहे, आणि चूक तुझी नाही. "कधी आणि कसं, ते तू सांग."

तिने वहीच्या कोपऱ्याची घडी घातली. "आज नाई," ती म्हणाली. "परवा त्याले अमरावतीले जायचं हाये." उठून कपाटातून आधार कार्ड आणि मार्कशीट आणली आणि बकरीच्या निबंधाखाली सरकवली. गठ्ठ्याला दोरी तिनेच बांधली.

मी जिन्यातूनच समुपदेशक बाईंना फोन लावला. तोपर्यंतचे दोन दिवस कसे काढायचे ते त्यांनी सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विश्वासात घ्यायला लावलं. ठरल्या दिवशी भर दुपारी बारा वाजता समुपदेशक बाई, साध्या कपड्यांतली एक महिला पोलीस आणि मी तिला घ्यायला गेलो. मी मुद्दाम तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा सोबत नेला होता, कोणी पाहिलं तर वह्यांचंच काम वाटावं म्हणून. बहीण तो कडेवर घेऊन जिना उतरली. मागे वळून बघितलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण बघितलं, दोनदा.

तिथून सगळं सुरळीत झालं असं नाही. दवाखाना, तक्रार, तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा आदेश, आणि तारखा अजून चालूच आहेत. ओळखीच्यांच्या हातून बर्फीचे डबे आले, ‘मी बदललो’ असे त्याचे निरोप आले. एका दुपारी तिने खरंच बॅग भरली. मी स्वयंपाकघरात उभी राहून हरभऱ्याची भाजी निवडत होते, निवडलेलीच पुन्हा निवडत होते, आणि एक शब्द बोलले नाही. तिने समुपदेशक बाईंना फोन केला, तासभर बोलली, आणि संध्याकाळी बॅग आपल्या हातांनी रिकामी केली. सावनेरहून त्याच्या आईचा एकदा फोन आला. एवढंच विचारलं, "जेवते न बरोबर?"

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. घरी येऊन चार महिने झाले तरी काही विचारलं की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मग उत्तर द्यायची. आणि उत्तर हटकून ‘हो ताई’. मार बरा होतो, हे बरं व्हायला किती दिवस लागतात ते कोणी सांगू शकत नाही. शाळेत मी ‘काहून’ खोडणं सोडलं. समासात पेन्सिलीने लिहिते, ‘पुस्तकात: का’. घरात काय बोलायचं ते त्यांचं ते बघतील.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. गांधीबागेत तिला पुन्हा काम मिळालं, दुसऱ्या एका दुकानात. पहिल्या दिवशी सकाळी ती स्कूटी काढून फाटकाशी उभी, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. मी मागोमाग गेले आणि सुरू झाले. पोचली की फोन कर. लोकेशन चालू ठेव. मधल्या सुट्टीत पुन्हा कर. सहाच्या आत घरी पाहिजेस.

स्कार्फमधून आवाज आला.

"काहून?"

दीड वर्षाने. मी फाटकाची कडी धरून उभी राहिले. ती माझा चेहरा वाचत नव्हती. मोठी बहीण आता तडकेल का, याचा अंदाज घेत नव्हती. तिने प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर पाहिजे होतं, गाडी चालू ठेवून ती त्यासाठी थांबली होती. मी उत्तर शोधायला लागले. मोठी आहे म्हणून, सांगते म्हणून, तुझ्या भल्यासाठी म्हणून. एक एक कारण मनात उचललं आणि ठेवून दिलं, कारण ही सगळी तिने वाडीच्या घरात ऐकलेली होती. शेवटी जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"मले भेव लागते, म्हणून."

सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदा. माझं मलाच ऐकून डोळे भरून आले. तिने स्कार्फ हनुवटीखाली ओढला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट तिने माझ्याकडे रोखलं आणि खदखदून हसली.

"‘मला’ म्हण वं, ताई," ती म्हणाली, आणि गाडी वळवून निघाली.